पराभवानंतरची वाट : रासबिहारी बोस यांचा तीस वर्षांचा विजनवास

फेब्रुवारी १९१५ मध्ये उत्तर हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांत एकाच वेळी उठाव घडवून आणण्याचा क्रांतिकारकांचा बेत फसला. फितुरीमुळे सरकारला आधीच सुगावा लागला, संशयित पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली आणि लाहोरपासून बंगालपर्यंत धरपकड सुरू झाली. या उठावाचे प्रमुख सूत्रधार रासबिहारी बोस त्या वेळी अवघे २८ वर्षांचे होते. सहकारी एकामागून एक पकडले जात होते आणि त्यांना स्वतःला पकडून देणाऱ्यास सरकारने मोठे बक्षीस जाहीर केलेले होते. देशात राहणे म्हणजे फासावर जाणे, हे उघड होते. देशाबाहेर जायचे तर कोठे जायचे, हा प्रश्न होता.

परकीय सत्तेविरुद्धचा उठाव फसला की त्यातील वाचलेल्या प्रत्येकापुढे हा प्रश्न उभा राहतो. रासबिहारींनी त्याचे उत्तर जपानमध्ये शोधले. तेथे ते तीस वर्षे राहिले, तेथेच त्यांनी संसार केला आणि तेथेच त्यांचा अंत झाला. आझाद हिंद सेनेच्या इतिहासात नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आधीचे नेते म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मात्र १९१५ ते १९४२ या मधल्या सत्तावीस वर्षांत हा पराभूत क्रांतिकारक परमुलखात कसा तगला, त्याला कोणी सांभाळले आणि त्यासाठी कोणाला काय मोजावे लागले, ही हकिकत तुलनेने कमी परिचित आहे.

देहरादूनचा कारकून

रासबिहारी बोस यांचा जन्म २५ मे १८८६ रोजी बंगालमधील बर्दवान जिल्ह्यातील सुबलदह या गावी झाला. त्यांचे बालपण व शिक्षण मुख्यतः चंद्रनगर येथे झाले. कोलकात्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या काठी वसलेले हे लहानसे शहर त्या काळी फ्रेंचांच्या ताब्यात होते. त्यामुळे ब्रिटिश पोलिसांना तेथे थेट कारवाई करता येत नसे आणि बंगालमधील अनेक क्रांतिकारकांचा तेथे वावर असे. सरहद्दीच्या एका रेषेमुळे माणसाचे प्राण वाचू शकतात, हा धडा रासबिहारींना त्यांच्या गावानेच लहानपणी दिला होता.

पुढे त्यांनी देहरादून येथील वन संशोधन संस्थेत कारकुनाची नोकरी धरली. वरकरणी ते सरकारचे आज्ञाधारक नोकर होते. प्रत्यक्षात बंगालमधील गुप्त संघटना आणि पंजाब व संयुक्त प्रांतातील तरुण यांना जोडणारा दुवा म्हणून ते काम करीत होते.

२३ डिसेंबर १९१२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांची मिरवणूक दिल्लीच्या चांदणी चौकातून जात असताना हत्तीवरील अंबारीवर बॉम्ब फेकण्यात आला. हार्डिंग जखमी झाले आणि त्यांचा एक सेवक मरण पावला. बॉम्ब फेकणारा तरुण बसंतकुमार विश्वास हा रासबिहारींनी तयार केलेला होता. रासबिहारी मात्र देहरादूनला परतले आणि काही काळ नेहमीप्रमाणे नोकरीवर हजर राहिले. पुढे तपासाचे धागे त्यांच्यापर्यंत पोहोचले, तेव्हा ते भूमिगत झाले. या कटाच्या खटल्यात मास्टर अमीरचंद, अवधबिहारी, भाई बालमुकुंद आणि बसंतकुमार विश्वास यांना मे १९१५ मध्ये फाशी देण्यात आली.

फसलेला उठाव

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याचा मोठा भाग युरोपकडे रवाना झाला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गदर पक्षाने ही संधी ओळखली. लाकूडकामाचे कारखाने आणि शेतमळे यांत राबणारे हजारो पंजाबी तरुण बंडाच्या इराद्याने मायदेशी परतू लागले. त्यांच्याजवळ जिद्द होती, पण देशातील परिस्थितीची पुरेशी माहिती नव्हती आणि नेतृत्वही नव्हते.

हे नेतृत्व रासबिहारींनी द्यावे, असा निरोप घेऊन विष्णू गणेश पिंगळे त्यांच्याकडे आले. पिंगळे हे पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील. अभियांत्रिकी शिकण्यासाठी ते अमेरिकेस गेले होते आणि तेथे गदर पक्षात सामील झाले होते. काशी येथे रासबिहारी आणि शचींद्रनाथ सान्याल यांच्याशी त्यांची मसलत झाली. त्यानंतर रासबिहारींनी आपला मुक्काम लाहोरला हलविला. कर्तारसिंग सराभा आणि त्यांचे सोबती छावण्यांमध्ये जाऊन शिपायांशी संधान बांधू लागले. उठावाची तारीख २१ फेब्रुवारी १९१५ ही ठरली.

कृपालसिंग नावाचा पोलिसांचा खबऱ्या संघटनेत शिरला होता. त्याचा संशय आल्यावर तारीख दोन दिवस अलीकडे, म्हणजे १९ फेब्रुवारीवर आणण्यात आली. पण तीही सरकारला कळली. छावण्यांमध्ये शिपायांना नि:शस्त्र करण्यात आले आणि लाहोरमधील ठिकाणांवर छापे पडले. त्याच आठवड्यात, १५ फेब्रुवारीला, सिंगापूर येथील पाचव्या लाइट इन्फंट्री या हिंदी पलटणीने बंड केले होते. तेही काही दिवसांत मोडून काढण्यात आले.

रासबिहारींनी वेषांतर करून लाहोर सोडले आणि काशी गाठली. पिंगळे यांनी मात्र आशा सोडली नव्हती. २३ मार्च १९१५ रोजी मीरत येथे घोडदळाच्या छावणीत ते बॉम्बसह पकडले गेले. लाहोर कटाच्या पहिल्या खटल्यात चोवीस जणांना फाशीची शिक्षा झाली. पुढे व्हाइसरॉयने त्यांपैकी सतरा जणांची शिक्षा कमी करून त्यांना जन्मठेप दिली. हे व्हाइसरॉय म्हणजे चांदणी चौकात जखमी झालेले लॉर्ड हार्डिंगच होते. उरलेल्या सात जणांना १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांत पिंगळे होते आणि एकोणीस वर्षांचा कर्तारसिंगही होता. रासबिहारी तेव्हा टोकियोत होते.

वाटा कोणत्या होत्या

पराभूत बंडखोरांना आश्रय कोठे मिळतो, याविषयी हिंदुस्थानचा अनुभव तोवर कडवट होता. १८५७ च्या संग्रामानंतर नानासाहेब पेशवे आणि अवधच्या बेगम हजरत महल आपापल्या अनुयायांसह नेपाळच्या तराईत उतरले होते. नेपाळचे सत्ताधीश जंगबहादूर राणा हे इंग्रजांचे मित्र होते; लखनौ जिंकण्यासाठी त्यांनी फौजही पाठविली होती. बेगम हजरत महल यांना अखेर काठमांडूत राहू देण्यात आले आणि १८७९ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. तराईत गेलेल्या इतर अनेकांची मात्र उपासमार आणि तापाने वाताहत झाली.

युरोपातील उदाहरण ताजे होते. जुलै १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकर यांनी मार्सेलिसच्या बंदरात जहाजातून उडी घेऊन फ्रान्सची भूमी गाठली होती. तरीही त्यांना पुन्हा ब्रिटिशांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यांना फ्रान्सकडे परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असा निर्णय फेब्रुवारी १९११ मध्ये हेग येथील लवादाने दिला. एखाद्या देशाच्या भूमीवर पाय ठेवणे पुरेसे नसते, हे त्यातून दिसून आले होते.

१९१५ मध्ये हिंदी क्रांतिकारकांसमोर काही ठिकाणे होती. चंद्रनगर व पाँडिचेरी ही फ्रेंच ठाणी जवळची होती, परंतु महायुद्धात फ्रान्स आणि ब्रिटन एकाच बाजूला होते. बर्लिनमध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय व त्यांचे सहकारी जर्मनीच्या मदतीने काम करीत होते. पण युद्धामुळे तेथे पोहोचणे दुरापास्त होते. अमेरिका तटस्थ होती, परंतु दूर होती. तिने युद्धात उतरताच गदर पक्षाच्या पुढाऱ्यांवर खटले भरले, हे पुढे १९१७ मध्ये दिसलेच. काबूलमध्ये राजा महेंद्रप्रताप आणि मौलवी बरकतुल्ला यांनी डिसेंबर १९१५ मध्ये हंगामी सरकार स्थापन केले; मात्र तेथील अमिराने ब्रिटिशांशी उघड वैर घेण्याचे टाळले.

जपानही निर्धोक नव्हता. १९०२ पासून ब्रिटन आणि जपान यांच्यात मैत्रीचा तह होता. टोकियोत उर्दू शिकविणाऱ्या बरकतुल्ला यांना ब्रिटिशांच्या दबावामुळे १९१४ मध्ये आपली नोकरी गमवावी लागली होती. तरीही १९०५ मध्ये रशियाला हरविणाऱ्या या आशियाई राष्ट्राविषयी हिंदी तरुणांना मोठे आकर्षण होते. शिवाय तेथून शस्त्रे मिळवून पुन्हा उठावाची तयारी करता येईल, अशी रासबिहारींची कल्पना होती. कायमचे परदेशी स्थायिक होण्याच्या हेतूने ते निघाले नव्हते.

टागोर नावाचा प्रवासी

रवींद्रनाथ टागोर जपानच्या दौऱ्यावर जाणार असल्याच्या बातम्या त्या सुमारास वृत्तपत्रांत येत होत्या. रासबिहारींनी त्याचा उपयोग करून घेतला. कवींच्या दौऱ्याच्या तयारीसाठी पुढे जाणारे त्यांचे नातलग पी. एन. टागोर, अशी बतावणी करून त्यांनी प्रवासाची कागदपत्रे मिळविली. १२ मे १९१५ रोजी ते कोलकात्याहून सानुकी मारू या जपानी जहाजाने निघाले. वाटेतील सिंगापूर व हाँगकाँग ही बंदरे ब्रिटिशांची होती आणि सिंगापूरच्या बंडाला जेमतेम तीन महिने झाले होते. तरीही या प्रतिष्ठित प्रवाशाचा कोणाला संशय आला नाही. ५ जून रोजी ते कोबे बंदरात उतरले आणि तेथून टोकियोला गेले. हिंदुस्थानचा किनारा त्यांना पुन्हा कधी दिसला नाही.

टोकियोत त्यांची भेट चीनचे नेते सन यत्-सेन यांच्याशी झाली. १९१३ मधील दुसरी क्रांती फसल्यामुळे सन यांनाही मायदेश सोडावा लागला होता. परागंदा अवस्थेत जपानमध्ये तग कसा धरायचा, याचा त्यांना अनुभव होता. त्यांच्यामार्फत रासबिहारींचा परिचय तोयामा मित्सुरू यांच्याशी झाला. तोयामा हे जपानमधील उग्र राष्ट्रवादी गटांचे वजनदार पुढारी होते. त्यांच्याकडे सरकारी पद नव्हते, पण मंत्री आणि पोलीस दोघेही त्यांना वचकून असत.

रासबिहारी आणि अमेरिकेहून आलेले हेरंबलाल गुप्त यांनी २७ नोव्हेंबर १९१५ रोजी टोकियोतील उएनो येथे एक सभा भरविली. निमित्त जपानच्या नव्या सम्राटांच्या राज्यारोहणाचे होते. त्या वेळी जपानमध्ये असलेले लाला लजपतराय यांचे तेथे ब्रिटिश सत्तेवर टीका करणारे भाषण झाले. ब्रिटिश वकिलातीला त्याची खबर लागली. टागोर या नावामागे कोण आहे, याचा छडाही ब्रिटिशांना लागलेला होता. वकिलातीच्या आग्रहावरून जपान सरकारने दुसऱ्याच दिवशी रासबिहारी व गुप्त यांना २ डिसेंबरपर्यंत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्या मुदतीत अमेरिकेकडे जाणारे जहाज नव्हते. शांघाय किंवा हाँगकाँगला जाणे म्हणजे ब्रिटिशांच्या हाती पडणे होते.

जपानी वृत्तपत्रांनी सरकारवर टीकेची झोड उठविली. पाहुण्याला त्याच्या शत्रूच्या हवाली करणे हे राष्ट्राला लाजिरवाणे आहे, असा त्यांचा सूर होता. परंतु हुकूम मागे घेतला गेला नाही.

पावाच्या दुकानामागची खोली

टोकियोच्या शिंजुकू भागात नाकामुराया नावाचे पाव व मिठाईचे दुकान होते. सोमा आइझो आणि त्यांच्या पत्नी सोमा कोक्को हे जोडपे ते चालवीत असे. चित्रकार, शिल्पकार आणि लेखक यांची त्यांच्याकडे नित्य ये-जा असे आणि दुकानाच्या मागील बाजूस चित्रकारांसाठी एक कार्यशाळाही बांधलेली होती. आइझो यांचा राजकारणाशी संबंध नव्हता, हिंदुस्थानशी तर नव्हताच. वृत्तपत्रातील बातमी वाचून त्यांना राग आला. गिऱ्हाइकांनी गजबजलेल्या आपल्या दुकानात त्या दोघांना लपविले तर कोणाला संशय येणार नाही, असे ते एका परिचित गिऱ्हाइकाजवळ सहज बोलले. हे गिऱ्हाईक वृत्तपत्र व्यवसायातील होते. त्यांनी ही गोष्ट तोयामांच्या वर्तुळापर्यंत पोहोचविली.

१ डिसेंबर १९१५ च्या रात्री रासबिहारी आणि गुप्त निरोप घेण्याच्या निमित्ताने तोयामांच्या घरी गेले. पाळतीवरील पोलीस बाहेर थांबले. दोघांची पादत्राणे पुढच्या दाराशी तशीच राहिली आणि ते मागच्या बाजूने बाहेर पडून मोटारीने शिंजुकूला पोहोचले. तोयामांच्या घराची झडती घेण्याची हिंमत पोलिसांना झाली नाही.

सोमा दांपत्याने दुकानातील नोकरांना विश्वासात घेतले आणि गुप्ततेची शपथ दिली. पुढील काही महिने मागील कार्यशाळेत हे दोन पाहुणे राहिले. त्यांना जपानी येत नव्हते. घरात इंग्रजी जाणणाऱ्या कोक्को याच त्यांचा जगाशी असलेला दुवा होत्या. खिडक्या बंद ठेवून, चाहूल लागू न देता दिवस काढावे लागत. कंटाळलेले गुप्त काही काळाने तेथून निघून गेले आणि पुढे अमेरिकेस पोहोचले. रासबिहारी राहिले. या काळात कोक्को यांच्या पदरी तान्ही मुलगी होती. सततच्या ताणाने त्यांची प्रकृती ढासळली आणि ते मूल दगावले. परक्या देशातील एका अनोळखी तरुणाला आसरा देण्याची ही किंमत त्या कुटुंबाने निमूटपणे सोसली.

१९१६ च्या सुरुवातीस ब्रिटिश युद्धनौकेने एक जपानी प्रवासी जहाज समुद्रात अडवून त्यावरील काही प्रवाशांना ताब्यात घेतले. त्यामुळे जपान सरकार दुखावले गेले आणि त्याची भूमिका बदलली. हद्दपारीच्या हुकमाची अंमलबजावणी थांबविण्यात आली. त्यानंतर रासबिहारी नाकामुरायातून बाहेर पडले. पण ब्रिटिशांनी नेमलेले हेर त्यांच्या मागावर होते आणि त्यांना पळवून नेले जाण्याचा धोका होता. म्हणून ते वारंवार घर बदलत राहिले.

तोशिको

एकट्या परदेशी माणसाला असे फार काळ लपून राहता येणार नाही, हे तोयामांनी ओळखले. विश्वासातील जपानी स्त्री पत्नी म्हणून सोबत असेल तर त्याचे रक्षण होईल, असा त्यांचा विचार होता. त्यांनी सोमा दांपत्याच्या थोरल्या मुलीसाठी, तोशिकोसाठी, मागणी घातली. आई-वडिलांनी तिच्यावर सक्ती केली नाही, निर्णय तिच्यावर सोपविला. बराच काळ विचार करून तिने होकार दिला. जुलै १९१८ मध्ये तोयामांच्या घरी हा विवाह गुप्तपणे पार पडला.

संरक्षणाची गरज म्हणून ठरविलेला हा विवाह होता. वधूवरांना एकमेकांची भाषा पुरती येत नव्हती आणि सुरुवातीची वर्षे लपतछपत, घरे बदलत गेली. तरीही हा संसार उभय बाजूंनी निष्ठेने झाला. १९२० मध्ये मुलगा मासाहिदे आणि १९२२ मध्ये मुलगी तेत्सुको यांचा जन्म झाला. महायुद्ध संपल्यावर हेरांचा ससेमिराही ओसरला. १९२३ मध्ये रासबिहारींनी जपानचे नागरिकत्व स्वीकारले. आता कायद्याने त्यांना ब्रिटिशांच्या हवाली करता येणार नव्हते. आश्रित म्हणून आलेला माणूस आठ वर्षांनी जपानी नागरिक झाला.

हे स्थैर्य फार टिकले नाही. अज्ञातवासाच्या काळात खालावलेली तोशिकोची प्रकृती पुन्हा सुधारली नाही. मार्च १९२५ मध्ये न्यूमोनियाने तिचे निधन झाले. ती अवघी सव्वीस वर्षांची होती. मुलांच्या संगोपनाचा भार आजी-आजोबांनी उचलला. रासबिहारींनी पुन्हा विवाह केला नाही.

करी आणि राजकारण

१९२७ मध्ये नाकामुरायाने दुकानाला जोडून उपाहारगृह सुरू केले, तेव्हा रासबिहारींनी तेथे हिंदी पद्धतीची करी द्यावी, असे सुचविले. जपानमध्ये तोपर्यंत रुळलेली करी इंग्रजांच्या मार्गाने आलेली होती. तिला पिठाने दाटपणा आणलेला असे. आपल्या देशाचे अन्नही ब्रिटिशांच्या नावाने ओळखले जावे, हे त्यांना मान्य नव्हते. मसाले, हाडासहित कोंबडीचे मांस आणि भात असा हा पदार्थ इतर ठिकाणच्या करीपेक्षा कितीतरी पटींनी महाग होता. तरीही तो लोकप्रिय झाला. प्रेम आणि क्रांती यांची चव, अशी त्याची पुढे ख्याती झाली.

दरम्यान रासबिहारींनी जपानी भाषेवर चांगले प्रभुत्व मिळविले होते. हिंदुस्थानातील परिस्थितीवर त्यांनी जपानीत अनेक पुस्तके व लेख लिहिले, व्याख्याने दिली, जपानमध्ये शिकण्यास येणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांची सोय पाहिली. मायदेशातील चळवळीशी पत्रव्यवहाराने संबंध राखला.

मात्र आश्रयाची दुसरीही बाजू होती. ज्या तोयामांनी त्यांचे प्राण वाचविले, तेच जपानच्या साम्राज्यविस्ताराचे कट्टर समर्थक होते. जपानने १९१० मध्ये कोरिया गिळंकृत केला होता, १९३१ मध्ये मांचुरिया घेतला आणि १९३७ मध्ये चीनवर मोठे आक्रमण केले. ज्यांच्या मिठावर आपण जगलो त्यांच्याविरुद्ध उभे राहणे रासबिहारींना शक्य झाले नाही. ब्रिटिश साम्राज्याविरुद्ध लढताना त्यांनी जपानी साम्राज्याची बाजू घेतली, अशी टीका त्यांच्यावर होत राहिली आणि ती निराधार नव्हती. ज्यांच्या नात्याच्या बतावणीवर ते जपानला पोहोचले, त्या रवींद्रनाथ टागोर यांनी १९३८ मध्ये जपानच्या चीनवरील आक्रमणाचा उघडपणे निषेध केला. इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या हिंदुस्थानात जपानविषयी असे दोन तट पडले होते आणि रासबिहारी त्यांतील एका बाजूला ठामपणे उभे होते.

सूत्रे दुसऱ्याच्या हाती

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. हजारो हिंदी सैनिक युद्धकैदी झाले. पूर्व आशियातील हिंदी रहिवासी आणि हे सैनिक यांना एकत्र आणण्यासाठी रासबिहारींनी मार्च १९४२ मध्ये टोकियोत आणि जून १९४२ मध्ये बँकॉक येथे परिषदा घेतल्या. इंडियन इंडिपेंडन्स लीगचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कॅप्टन मोहनसिंग यांच्या नेतृत्वाखालील आझाद हिंद सेना लीगच्या अधिपत्याखाली आणण्याचे ठरले. सुभाषचंद्र बोस यांना पूर्वेकडे येण्याचे निमंत्रण द्यावे, असा ठरावही बँकॉक परिषदेत झाला.

१९१५ मध्ये छावण्यांत जो उठाव करता आला नाही, तो आता बाहेरून सैन्य उभारून करता येईल, असे चित्र निर्माण झाले. परंतु त्यांचा जपानमधील दीर्घ वास येथे आड आला. जपानचे हेतू काय आहेत, ही सेना स्वतंत्र राहणार की जपानी लष्कराच्या तंत्राने चालणार, असे प्रश्न मोहनसिंग व त्यांचे अधिकारी विचारीत होते. जपानी नागरिक झालेला आणि जपानी पत्नी केलेला हा वृद्ध पुढारी कोणाचा, अशी शंकाही अनेकांच्या मनात होती. डिसेंबर १९४२ मध्ये मतभेद विकोपाला गेले. मोहनसिंग यांना अटक झाली आणि सेना जवळजवळ मोडकळीस आली. ज्या नात्यांनी रासबिहारींना वाचविले होते, त्याच नात्यांमुळे त्यांच्या नेतृत्वाला मर्यादा पडली.

त्यांनी उरलेली संघटना मोठ्या कष्टाने सांभाळून ठेवली. सुभाषचंद्र जर्मनीहून पाणबुडीने आशियात पोहोचल्यानंतर ४ जुलै १९४३ रोजी सिंगापूरच्या कॅथे चित्रपटगृहातील सभेत त्यांनी लीगचे अध्यक्षपद त्यांच्या स्वाधीन केले. अधिकारपदे सुखासुखी सोडली जात नाहीत. रासबिहारींनी मात्र आपल्यापेक्षा अकरा वर्षांनी तरुण असलेल्या नेत्याकडे कोणतीही खळखळ न करता सूत्रे दिली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला स्थापन झालेल्या आझाद हिंद सरकारात त्यांना सर्वोच्च सल्लागार हे पद देण्यात आले.

तोवर क्षयाने त्यांना ग्रासले होते. २१ जानेवारी १९४५ रोजी टोकियोत त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५८ वर्षांचे होते. जपान सरकारने ऑर्डर ऑफ द रायझिंग सन या सन्मानाच्या दुसऱ्या श्रेणीने त्यांना गौरविले होते. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, जून १९४५ मध्ये, मुलगा मासाहिदे ओकिनावाच्या लढाईत जपानी सैनिक म्हणून मारला गेला. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी परागंदा झालेल्या क्रांतिकारकाचा मुलगा दुसऱ्या देशाच्या युद्धात कामी आला. स्वतंत्र भारत रासबिहारींना पाहता आला नाही; तो अडीच वर्षे दूर होता.

आश्रयाचा हिशेब

रासबिहारी बोस यांच्या आयुष्याकडे पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. १९१५ मध्ये कोणत्याही सरकारने त्यांना आश्रय दिला नाही. जपान सरकारने तर त्यांना पाच दिवसांत बाहेर काढण्याचा हुकूम दिला होता. त्यांना वाचविले ते स्वतः परागंदा असलेल्या एका चिनी नेत्याच्या ओळखीने, पोलिसांना न जुमानणाऱ्या एका पुढाऱ्याने, तोंड बंद ठेवणाऱ्या दुकानातील नोकरांनी आणि पाव विकणाऱ्या एका जोडप्याने. राज्यांचे तह आणि हितसंबंध बदलत गेले, तसे त्यांच्याविषयीचे सरकारी धोरणही बदलत गेले. या माणसांचे वागणे मात्र बदलले नाही.

या आश्रयाचे मोल अनेकांनी दिले. सोमा कुटुंबाने आपली दोन मुले गमावली. तोशिकोने आपले तारुण्य एका परदेशी माणसाच्या रक्षणासाठी दिले. रासबिहारींनी मायदेश, नागरिकत्व आणि काही प्रमाणात आपल्याच देशबांधवांचा विश्वास गमावला. पिंगळे आणि कर्तारसिंग यांच्याप्रमाणे ते १९१५ मध्ये फासावर गेले असते, तर त्यांच्या वाट्याला ही टीका आली नसती. ते जगले, आणि जगण्यासाठी कराव्या लागलेल्या तडजोडींसह त्यांनी आपले काम पुढे चालू ठेवले.

भारत सरकारने १९६७ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. टोकियोतील तामा येथील दफनभूमीत त्यांची समाधी आहे. शिंजुकूमध्ये नाकामुराया आजही त्याच जागी उभे असून तेथील हिंदी करी जपानी लोक आवडीने खातात. ज्या कार्यशाळेत एक पराभूत क्रांतिकारक श्वास रोखून बसला होता, ती आता तेथे नाही. पण त्याला दार उघडणाऱ्या घराने त्याच्या देशाची चव तेवढी जपून ठेवली आहे.